दोन वर्षांचे मोल

दहावीचा निकाल लागला की वैरागसारख्या गावात घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला पुढे काय शिकवावे? कोरडवाहू शेतीचा आधार तुटपुंजा, पदवीची वाट लांब, आणि हाताशी आलेला मुलगा आज कामावर गेला तर आठवड्याच्या बाजाराची सोय होते. अशा वेळी बार्शीच्या शासकीय आयटीआयमधील फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम समोर येतो. 'दोन वर्षे घालवून पदरात काय पडणार?' असे बाप विचारतो, तेव्हा तो शिक्षणाचा द्वेष करीत नसतो. तो हिशेब मांडीत असतो. हा हिशेब जुना आहे, आणि पूर्वी तो कसा सोडविला गेला हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

एके काळी सुताराचा मुलगा बापाच्या शेजारी बसून रंधा धरायला शिकत असे. त्या शिक्षणाला फी नव्हती आणि घरची कमाईही बुडत नव्हती. यंत्रे आली आणि ही घडी विस्कटली. १८७७ साली सोलापुरात कापडाची पहिली गिरणी, म्हणजे पुढे 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेलेली, उभी राहिली. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली आणि कालांतराने कुर्डुवाडीला तिचा कारखाना झाला. यंत्राचे काम घरी शिकता येत नव्हते. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली होती. परंतु बार्शी तालुक्यातील गरिबाच्या मुलाला ती फार दूर होती. त्याला उरला तो उस्तादाच्या हाताखालचा मार्ग. त्यात कधी विद्या मिळे, कधी नुसतीच हमाली.

हाच पेच युरोपातही होता. इटलीतील तुरीन शहरात संत जॉन बॉस्को यांनी अनाथ व गरीब मुलांना आसरा दिला, तेव्हा कारखानदार शिकाऊ मुलांना घरगड्यासारखे राबवितात, हे त्यांनी पाहिले. ८ फेब्रुवारी १८५२ रोजी त्यांच्या पुढाकाराने एक सुतार, एक शिकाऊ मुलगा आणि त्याचे वडील यांच्यात मुद्रांकित कागदावर करार झाला. मुदत बरोबर दोन वर्षांची होती. सुताराने मुलाला आपली कला शिकवावी, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, चुकल्यास केवळ शब्दांनी समज द्यावी, सणावारी सुट्टी द्यावी आणि शिकत असतानाच वाढत जाणारे वेतन द्यावे, अशी कलमे त्यात होती. या करारातील मर्म वेतनाच्या कलमात आहे. शिकण्याच्या काळाचा सगळा भार गरिबाच्या चुलीवर पडू नये, हे त्या कागदाने मान्य केले.

स्वतंत्र भारताने हेच तत्त्व कायद्यात आणण्याचा यत्न केला. १९५० साली केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली आणि त्यातून आयटीआयचे जाळे विणले गेले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे व त्यांना विद्यावेतन देण्याचे बंधन आले. तथापि मदतीचा आकडा महागाईच्या मागेच राहिला. आपल्या राज्यात आयटीआयच्या पात्र विद्यार्थ्यांना मिळणारे दरमहा चाळीस रुपये सुमारे चार दशके तसेच राहिले. २०२३ मध्ये ते पाचशे करण्याचा निर्णय झाला.

आता हिशेब मांडू. शासकीय संस्थेची फी हा खर्चाचा लहान भाग आहे. खरा खर्च बुडालेल्या मजुरीचा. मजुरी दिवसाला चारशे रुपये आणि वर्षाला अडीचशे दिवस काम, असे धरले तर दोन वर्षांत दोन लाख रुपये घरात येत नाहीत. शिकून आलेल्या मुलाला मजुरीपेक्षा महिन्याला चार हजार जास्त मिळाले, तर ही तूट भरायला पन्नास महिने, म्हणजे चार वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. एसटीचा पास, हत्यारे, गणवेश आणि बाहेरगावी राहावे लागल्यास खोलीभाडे मिळविले की मुदत आणखी लांबते. पुढे मात्र कामाची अनेक वर्षे असतात. म्हणून सौदा तोट्याचा नाही. परंतु पहिली पाच-सहा वर्षे घराने तग धरली पाहिजे. पुष्कळ मुले अर्ध्यावर अभ्यासक्रम सोडतात, ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, तर घर तितके थांबू शकत नाही म्हणून.

लाभाच्या बाजूलाही एक सावधगिरी हवी. सोलापूरची जुनी गिरणी साठच्या दशकात बंद पडली. पुढे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी याही गिरण्या मिटल्या. ज्याचे कसब एकाच मागाशी बांधलेले होते, त्याच्या हातातले काम गिरणीबरोबरच गेले. मोटार दुरुस्त करणाऱ्याला मात्र विहिरीवरचा पंपही चालतो आणि पिठाची गिरणीही. म्हणून अभ्यासक्रम निवडताना जवळ कोणता कारखाना आहे एवढेच पाहू नये. तो कारखाना बंद झाला तर हे कसब दुसरीकडे चालेल का, हे विचारावे. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हीही जमेची बाजू धरावी.

तेव्हा पालकहो, प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखा आणि मुलाला शेजारी बसवून ते भरा. ज्या घराचा खर्चाचा रकाना दोन वर्षे पेलवणार नाही, त्याचा भार धर्मग्रामातील चार घरांनी वाटून घ्यावा : एकाने पास काढून द्यावा, दुसऱ्याने हत्यारांची पेटी, तिसऱ्याने सुट्टीत मजुरीचे काम, चौथ्याने शहरात राहण्याची सोय. तुरीनच्या त्या कागदावर मुलाच्या आणि बापाच्या सह्यांबरोबर एका तिसऱ्याचीही सही होती. आपल्याकडे ती जागा अजून रिकामी आहे.