परवान्याचे .३२ बोअर पिस्तूल व रिव्हॉल्व्हर

परवान्याचे .३२ बोअर पिस्तूल व रिव्हॉल्व्हर ही भारतात सामान्य नागरिकाला स्वसंरक्षणासाठी कायदेशीरपणे बाळगता येणारी सर्वांत प्रचलित हातात धरायची अग्निशस्त्रे होत. सरकारी आयुध निर्माण्यांमध्ये तयार होणारी ही शस्त्रे महाग असतात आणि ती मिळवण्याची प्रक्रिया दीर्घ असते. त्यामुळे मालकाच्या त्यांच्याकडून मोठ्या अपेक्षा असतात. प्रत्यक्षात मात्र मर्यादित मारक शक्ती, जड चाप, आखूड नळी, सरावाचा अभाव आणि वापरावरील कायदेशीर निर्बंध यांमुळे अनेकांचा अपेक्षाभंग होतो. या अपेक्षाभंगाला कारागिरीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, कायद्याची चौकट कारणीभूत आहे. प्रस्तुत लेखात या शस्त्रांची रचना, त्यांच्या मर्यादा आणि पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात परवानाधारकाची स्थिती यांचा आढावा घेतला आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांच्या शस्त्र बाळगण्यावर कडक बंधने आली. स्वातंत्र्य चळवळीत या कायद्याला विरोध झाला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. मात्र शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क न ठरता परवान्याने मिळणारी सवलतच राहिली.

अधिनियमानुसार शस्त्रांचे ‘निषिद्ध बोअर’ आणि ‘अनिषिद्ध बोअर’ असे ढोबळ वर्गीकरण केले जाते. लष्कर व पोलीस वापरतात ती ९ मिमी, .३८ व .४५ बोअरची पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. त्यांचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत असून तो मोजक्या व्यक्तींनाच मिळतो. अनिषिद्ध बोअरचे परवाने जिल्हा पातळीवर दिले जातात. .२२, .२५ आदी बोअरही अनिषिद्ध आहेत, परंतु देशी उत्पादनाचा मुख्य भर .३२ वर राहिला. १९८० च्या दशकात नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद झाली. नेमबाज खेळाडूंना त्यातून सवलत आहे. परिणामी सामान्य परवानाधारकापुढे प्रामुख्याने दोनच पर्याय उरले: देशी .३२ शस्त्र किंवा आयातबंदीपूर्वी देशात आलेले जुने परदेशी शस्त्र. दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रांची संख्या मर्यादित असल्याने त्यांच्या किमती मूळ किमतीच्या कित्येक पट वाढल्या आहेत.

प्रमुख शस्त्रे

.३२ रिव्हॉल्व्हर: कानपूर येथील स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार होणारे हे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर आहे. त्याची रचना वेब्ली मार्क ४ या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरवर आधारलेली आहे. खटका दाबून नळी खाली झुकवली की काडतुसांचे चक्र उघडे पडते व रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते.

अशनी: हे .३२ बोअरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूर व काशीपूर येथील आयुध निर्माण्यांशी त्याचे उत्पादन निगडित आहे.

निर्भीक: २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या आयुध निर्माणीने हे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. टायटॅनियम मिश्रधातूच्या वापरामुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम राहिले.

प्रबल: ऑगस्ट २०२३ मध्ये सादर झालेले रिव्हॉल्व्हर. यात नळी झुकवावी लागत नाही, तर काडतुसांचे चक्र बाजूला सरकते. उत्पादकांनी त्याचा पल्ला ५० मीटरपर्यंत असल्याचे सांगितले आहे.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या. वरील शस्त्रे बनवणाऱ्या निर्माण्या कानपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड’ या कंपनीकडे गेल्या. काडतुसांच्या बाबतीत पुणे जिल्ह्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नागरी वापराची काडतुसेही तयार होतात. त्यांच्या बुडावरील ‘केएफ’ ही अक्षरे ‘किरकी फॅक्टरी’ची, म्हणजे खडकीची, निशाणी आहे. हा कारखाना आता ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या कंपनीत असून तिचे मुख्यालय पुण्यातच आहे.

काडतूस आणि मारक शक्ती

‘.३२’ या एकाच नावाने दोन भिन्न काडतुसे ओळखली जातात. रिव्हॉल्व्हरमध्ये वापरले जाणारे ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ हे काडतूस १८९६ मध्ये प्रचारात आले. पिस्तुलात वापरले जाणारे ‘.३२ एसीपी’ हे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये तयार केले. पहिल्याच्या बुडाशी ठळक कड असते व त्याची लांबी अधिक असते. ही दोन काडतुसे एकमेकांच्या जागी वापरू नयेत. परवान्यावर केवळ ‘.३२’ असे पाहून काडतुसे घेतल्यास चुकीची काडतुसे घरी येण्याचा संभव असतो.

दोन्ही काडतुसांच्या गोळीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी साधारणतः १५० ते २०० ज्यूल असते. ९ मिमी पिस्तुलाच्या बाबतीत ती ४५० ज्यूलहून अधिक असते. चित्रपटांतून व बातम्यांतून ९ मिमी पिस्तुलाची कल्पना मनात बाळगून .३२ घेणाऱ्याच्या अपेक्षाभंगाचे पहिले कारण हेच होय.

मात्र याचा अर्थ .३२ काडतूस मुळातच सदोष आहे, असा नाही. ‘.३२ लाँग’ हे काडतूस आंतरराष्ट्रीय नेमबाजीतील २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल प्रकारात त्याच्या अचूकतेसाठी नावाजलेले आहे. त्या स्पर्धेतील पिस्तुलाची नळी लांब, चाप हलका, मूठ हाताच्या मापाची आणि नेम धरण्याची योजना जुळवून घेता येणारी असते. खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये यांपैकी एकही गोष्ट नसते. काडतूस तेच असले, तरी त्याचे गुण प्रकट करणारे साधन निराळे असते.

अपेक्षाभंगाची कारणे

जड चाप: रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे न ओढता थेट चाप दाबला, तर त्याच एका ओढीत चक्र फिरते, घोडा मागे जातो व सुटतो. त्यासाठी बोटाला बराच जोर लावावा लागतो आणि त्या जोरात नळीचे तोंड हलते. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढल्यास चाप हलका होतो, परंतु संकटाच्या क्षणी तेवढी उसंत मिळेलच असे नाही.

आखूड नळी: निर्भीक व प्रबल यांच्या नळीची लांबी ७६ मिमी, म्हणजे सुमारे ३ इंच आहे. पुढची खूण व मागची खाच यांतील अंतर कमी असल्याने नेमातील किंचित चूक लक्ष्यापाशी मोठी होते. पत्रकात छापलेला पल्ला आणि अननुभवी हाताला साधणारा पल्ला यांत म्हणूनच बराच फरक पडतो.

काडतूस अडकणे: अर्धस्वयंचलित पिस्तुलांबाबत काडतूस नीट न चढणे किंवा रिकामी पुंगळी अडकणे या तक्रारी मालकांकडून येतात. मॅगझिनची स्थिती, काडतुसाची प्रत, तेल-सफाई आणि हाताची पकड या सर्वांचा त्यात वाटा असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये हा प्रश्न जवळपास उद्भवत नाही. एखादे काडतूस उडाले नाही, तर पुन्हा चाप ओढल्यावर पुढचे काडतूस समोर येते.

किंमत: निर्भीकची किंमत बाजारात येताना सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर पिस्तूल व रिव्हॉल्व्हरवर २८ टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के करण्यात आला. स्पर्धा नसल्याने किंमत आणि गुणवत्ता यांचा मेळ तपासण्याची संधी ग्राहकाला फारशी मिळाली नाही.

सरावाचा अभाव: परवानाधारक एका वेळी व वर्षभरात किती काडतुसे घेऊ शकतो, हे परवान्यावर नमूद असते. अधिकृत नेमबाजी केंद्रे मोजक्याच शहरांत आहेत. शस्त्र घेतल्यानंतर ते वर्षानुवर्षे तिजोरीतच राहते आणि मालकाचा हात त्यावर कधीच बसत नाही.

बारामती व इंदापूर तालुक्यांतील स्थिती

नीरा डावा कालवा आणि उजनी जलाशय यांमुळे बागायती झालेल्या या तालुक्यांत ऊस हे प्रमुख पीक आहे. शेतात विखुरलेल्या वस्त्या, रात्रपाळीने पिकाला द्यावे लागणारे पाणी, रोख रकमेची ने-आण आणि बाजारपेठेतील सराफी व्यवसाय ही शस्त्र परवाना मागण्यामागे दिली जाणारी नेहमीची कारणे होत. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कमरेचे पिस्तूल हे प्रतिष्ठेचे चिन्हही मानले जाते. अपेक्षा वाढण्यास हे एक सामाजिक कारण आहे.

या तालुक्यांतील अर्जदाराला परवाना देण्याचा अधिकार पुण्याचे जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हा दंडाधिकारी, यांना आहे. त्यापूर्वी पुणे ग्रामीण पोलिसांकडून चौकशी अहवाल मागवला जातो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. शस्त्र नियम, २०१६ नुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही आवश्यक आहे. अर्ज नाकारला गेल्यास विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या ३ वरून २ वर आली.

बारामती तालुक्यातील सुपे येथे चिंकारा हरणांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंदणी वन्यजीव खात्याकडे करणे आवश्यक असते. तसेच त्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. सुपे परिसरातील अर्जदारांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या वावरामुळेही शस्त्राची मागणी पुढे येते. बिबट्या हा अनुसूची १ मधील संरक्षित प्राणी असून त्याची शिकार हा किमान ३ वर्षांच्या कारावासाचा गुन्हा आहे. जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती कायद्याने क्षम्य आहे. तथापि अंधारात, उसाच्या दाट सरीत, धावून येणाऱ्या जनावरावर आखूड नळीच्या .३२ शस्त्राने परिणामकारक गोळीबार करणे जवळपास अशक्य असते. जखमी बिबट्या तर आसपासच्या वस्त्यांना अधिक धोकादायक ठरतो. उजेड, सोबत आणि वनखात्याला वेळीच दिलेली खबर हे उपाय पिस्तुलापेक्षा अधिक उपयुक्त ठरतात.

निवडणुकीच्या काळात जिल्हास्तरीय छाननी समिती परवान्यांचा आढावा घेते. जामिनावर असलेल्या, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेल्या किंवा पूर्वी दंगलीत सहभागी असलेल्या परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात. लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या निवडणुका पाहता हा प्रसंग अनेकदा येतो.

वापराच्या मर्यादा

शस्त्राचा परवाना म्हणजे ते चालवण्याची मोकळीक नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिलेला आहे. बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा या हक्कात नाही. केवळ पिकाची चोरी होत आहे म्हणून गोळी झाडणारा परवानाधारक स्वतःच आरोपी होऊ शकतो. लग्नाच्या वरातीत किंवा विजयाच्या मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात आणल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

महाग व निराशाजनक परवानाधारी शस्त्राला पर्याय म्हणून काही जण ‘गावठी कट्टा’ जवळ करतात. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातले उमरटी हे सीमेवरचे गाव अशा अवैध शस्त्रनिर्मितीसाठी पोलीस कारवायांत वारंवार चर्चेत आले आहे. निकृष्ट पोलादाची नळी फुटून चालवणाऱ्याच्याच हाताला इजा होण्याचा धोका त्यात असतो. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास सर्वसाधारणपणे किमान २ व कमाल ५ वर्षे कारावासाची तरतूद आहे.

निर्भीकविषयीचा वाद

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणातील पीडितेला माध्यमांनी ‘निर्भया’ असे नाव दिले होते. त्याच अर्थाचे नाव देऊन निर्भीक हे स्त्रियांसाठी योग्य शस्त्र म्हणून पुढे आणण्यात आले. शस्त्रविरोधी कार्यकर्त्या बीनालक्ष्मी नेप्राम यांच्यासह अनेकांनी त्यावर टीका केली. ज्या स्त्रियांना असुरक्षिततेचा सर्वाधिक सामना करावा लागतो त्यांना लाखाच्या वरची किंमत परवडणारी नव्हती. शिवाय स्त्रियांचे संरक्षण ही राज्यसंस्थेची जबाबदारी शस्त्राच्या रूपाने त्यांच्यावरच ढकलली जात असल्याचा आक्षेप घेण्यात आला.

गुण आणि अलीकडील बदल

मर्यादा असूनही .३२ रिव्हॉल्व्हरचे काही गुण मान्य करावे लागतात. त्याचा धक्का सौम्य असतो, यंत्रणा साधी असते आणि चक्र उघडताच ते भरलेले आहे की रिकामे, हे स्पष्ट दिसते. घरात मुले असताना हा शेवटचा गुण महत्त्वाचा ठरतो. नव्या परवानाधारकाला पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर सोपे वाटते, ते यामुळेच.

शस्त्र नियम, २०१६ नंतर खासगी उत्पादकांना परवाने मिळू लागले. वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीने भारतीय भागीदारासह उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात संडीला येथे .३२ रिव्हॉल्व्हरचे उत्पादन हाती घेतले. प्रबलची नवी रचनाही याच काळातील आहे. या बदलांमुळे चाप, मूठ व जुळणी यांतील उणिवा कमी होऊ शकतील. मात्र बोअरची मर्यादा, सरावाच्या सोयी आणि वापरावरील कायदेशीर बंधने या गोष्टी नव्या शस्त्रालाही तशाच लागू राहतात.

हेही पाहा

शस्त्र अधिनियम, १९५९
दारूगोळा कारखाना, खडकी
मयूरेश्वर अभयारण्य
खासगी बचावाचा हक्क