खुणेचें अक्षर

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. आमच्या आळींतील एका कुटुंबांत वडिलोपार्जित जमिनीची वाटणी व्हावयाची होती. त्या कामासाठीं मुंबईहून आलेला धाकटा मुलगा, माझाच एके काळचा विद्यार्थी, जुन्या कागदाची प्रत घेऊन माझ्याकडे आला. एका शब्दापाशीं त्याचें घोडें अडलें होतें. "गुरुजी, हे वरकस कोण? असें आडनांव कधीं ऐकलें नाहीं. त्यांचा हा तुकडा आमच्या यादींतून काढावा असें घरांत ठरत आहे." त्यानें तो शब्द फोनवर शोधूनहि पाहिला होता, परंतु समोर आल्या त्या कोंकणांतील भूखंडांच्या जाहिराती!

मीं माझ्या संगणकावर वरच्या चौकटींत 'दा' हें एक अक्षर उमटविलें, जागा सोडली, पुढें 'वरकस' लिहिलें आणि कळ दाबली. दाते व कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशांतील तो शब्द पुढ्यांत येऊन उभा राहिला. ज्या उताराच्या जमिनींत भात पिकत नाहीं, नाचणी, वरी, हरीक अशीं हलकीं धान्यें तेवढीं होतात, ती वरकस जमीन. तुकडा त्यांच्या आजोबांचाच होता. तो यादींत राहिला. त्या मुलाला मात्र अर्थापेक्षां माझ्या 'दा'चें नवल अधिक वाटलें. हें अक्षर आलें कोठून आणि त्यानें नेमकें तेंच दार कसें उघडलें, हें त्याला सांगतांना मला जो इतिहास आठवला, तो आज आपणांपुढें ठेवीत आहें.

थोडक्या खुणेनें मोठा पल्ला गांठणें ही आपल्याकडे जुनी विद्या आहे. पाणिनीच्या व्याकरणाच्या आरंभीं चौदा सूत्रांत वर्णांची मांडणी दिलेली असते. त्या मांडणींतील एक वर्ण आणि पुढच्या एखाद्या सूत्राच्या शेवटचें खुणेचें व्यंजन, एवढ्यानें मधले सारे वर्ण बांधले जातात. 'अच्' म्हटलें कीं सगळे स्वर आले, 'हल्' म्हटलें कीं सगळीं व्यंजनें आलीं. सुमारें चार हजार सूत्रांचा ग्रंथ पाठ करतां येतो, याचें पुष्कळसें श्रेय अशा खुणांना आहे.

मराठी पत्रलेखनानें याच्या पुढचें पाऊल टाकलें. 'सा. न. वि. वि.' हीं चार अक्षरें लिहिलीं कीं साष्टांग नमस्कार घालून विशेष विनंती झाली. 'राजमान्य राजश्री'चें 'रा. रा.' झालें, 'तीर्थरूप'चें 'ती.' आणि 'चिरंजीव'चें 'चि.' झालें. परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो मायना. वडिलांना लिहावयाचें तर एक मायना, धाकट्याला दुसरा, शास्त्रीबुवांना तिसरा. सगळा सांचा ठरलेला. नांवाची जागा तेवढी मोकळी. ती मोकळी जागा लक्षांत असूं द्या. आपल्या गोष्टींत ती पुन्हां येणार आहे.

विद्वानांच्या ग्रंथांत हाच सांचा संदर्भ देण्याच्या कामीं आला. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे आमच्या जिल्ह्याचे, दापोलीच्या शाळेंत शिकलेले. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० पासून १९६२ पर्यंत पांच खंडांत प्रसिद्ध झाला आणि १९६३ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें. त्या सहा हजारांहून अधिक पृष्ठांत प्रत्येक ग्रंथाचें नांव दर वेळीं संपूर्ण लिहिलें असतें तर काय झालें असतें? म्हणून ग्रंथांच्या नांवांचे आरंभीचे तुकडे खुणा म्हणून ठरविले आणि त्यांचा उलगडा एकदां देऊन टाकला. याज्ञवल्क्यस्मृतीला एक तोकडी खूण, पुढें अध्याय, पुढें श्लोक. खूण सांगते कोणता ग्रंथ काढावयाचा, आंकडा सांगतो कोठें उघडावयाचा. माझा 'दा' आणि त्यापुढील 'वरकस' यांचें नातें नेमकें असेंच आहे.

टपाल आणि तार या खात्यांनी ही विद्या घरोघर नेली. तारेंत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापारी पेढ्या वार्षिक फी भरून आपला एका शब्दाचा तारेचा पत्ता नोंदवून ठेवीत. लग्नाच्या किंवा सणाच्या शुभेच्छांना खात्यानें क्रमांक दिलेले होते. पाठविणाऱ्यानें क्रमांक सांगावा, घेणाऱ्याच्या हातीं सबंध वाक्य पडावें. २०१३ च्या जुलैमध्यें तारसेवा बंद झाली आणि ते क्रमांकहि गेले. पिनकोड मात्र आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या त्या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील वरिष्ठ अधिकारी, आणि संस्कृतचे पंडित व कवीहि होते. रत्नागिरीचा ४१५६१२ हा आंकडा पाहा. पहिला आंकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन टपालकचेरी दाखवितात. सूत्रांचा अभ्यास असलेल्या माणसाच्या हातून अशी रचना व्हावी, याचें मला आश्चर्य वाटत नाहीं.

आतां संगणकाकडे वळूं. १९९० नंतरच्या दशकांत इंटरनेट घराघरांत शिरलें तेव्हां त्यावरील पत्ते लांबलचक आणि लिहावयास किचकट होते. म्हणून सोपे शब्द देण्याची कल्पना निघाली. अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या ग्राहकांना ठराविक शब्द लिहिला कीं ठराविक पान मिळे, आणि व्यापारी आपल्या जाहिरातींत तो शब्द छापीत. रिअलनेम्स नांवाच्या कंपनीनें तर असे शब्द पैसे घेऊन नोंदविण्याचा धंदाच मांडला. ज्यानें पैसे भरले त्याच्या दारीं तो शब्द तुम्हांस नेऊन सोडी. मायक्रोसॉफ्टनें आपल्या ब्राउझरांतील तिचा आधार काढून घेतांच २००२ सालीं ती कंपनी बंद पडली, आणि विकत घेतलेले शब्द एका दिवसांत मुके झाले.

त्याच सुमारास दुसरी एक वाट रुळत होती. नेटस्केपनें १९९८ सालीं आपल्या ब्राउझरची घडण सर्वांस खुली केली. त्यांतून मोझिला आणि पुढें २००४ सालीं फायरफॉक्स हे ब्राउझर निघाले. त्यांत कोणत्याहि जपून ठेवलेल्या पत्त्याला वाचकानें स्वतःच्या पसंतीची खूण जोडावी, आणि पत्त्यांत जेथें शोधावयाचा शब्द येतो तेथें टक्क्याचें चिन्ह व त्याला लागून इंग्रजी 'एस' हें लहान अक्षर घालावें, अशी सोय होती. हें चिन्ह संगणकाच्या 'सी' भाषेंतील छपाईच्या आज्ञेंत पूर्वींच रूढ होतें. तेथेंहि त्याचा अर्थ एवढाच कीं, येथें पुढें सांगितला जाणारा मजकूर भरा. श्रोतेहो, ही तीच मायन्यांतील मोकळी जागा! २००८ सालीं आलेल्या क्रोमनें पत्ता आणि शोध यांना एकच चौकट दिली आणि ही सोय पुष्कळांच्या हाताशीं आली.

दोन वाटांतील फरक मोठा आहे. पहिलींत शब्द विकत घेणाऱ्याचा होता, दुसरींत तो वाचकाचा झाला. सर्वसाधारण शोधयंत्राला आपण शब्द देतों तेव्हां कोणतें दार आधीं उघडावयाचें हें दुसरा कुणी ठरवितो, आणि त्या ठरविण्यांत जाहिरातीचा वांटा असतो. 'वरकस' शोधणाऱ्याला भूखंड दिसले ते त्यामुळें. स्वतःची खूण वापरली म्हणजे कोणाला विचारावयाचें हें आपण ठरवितों. यंत्र केवळ निरोप्याचें काम करतें.

ही खूण कशी बसवावी तें आतां सांगतों. प्रथम त्या कोशाच्या संस्थळावर जाऊन एखादा शब्द शोधावा. जें पान उघडेल त्याचा वरचा पत्ता पाहावा. बहुधा शोधलेला शब्द त्यांतच असतो. येथें मराठी माणसाची एक फसगत होते. देवनागरी शब्द पत्त्यांतून नक्कल करून घेतला म्हणजे त्याचें रूप बदलतें. एकेका चिन्हाच्या जागीं टक्क्याच्या चिन्हांनीं भरलेलीं नऊ अक्षरें येतात. 'आंबा' या शब्दांत संगणकाच्या हिशेबानें चार चिन्हें, म्हणजे छत्तीस अक्षरांची माळ झाली. ती सगळी ओळखून काढणें कठीण पडतें. म्हणून पहिला शोध एखाद्या साध्या इंग्रजी शब्दाचा करावा; कांहीं सांपडलें नाहीं तरी चालेल. तो पत्त्यांत चटकन दिसतो, आणि त्याच्या जागीं मघाशीं सांगितलेलें चिन्ह घालतां येतें.

क्रोममध्यें अॅड्रेस बारवर उजवी कळ दाबली कीं शोधयंत्रांची व्यवस्था पाहण्याचा पर्याय येतो. तेथें नवी नोंद करतांना नांव, खूण आणि पत्ता अशा तीन चौकटी भरावयाच्या. मग खूण, मोकळी जागा, शब्द आणि एंटर. माझ्याकडे चार खुणा आहेत. 'मो' म्हणजे १८३१ सालीं प्रथम निघालेला व १८५७ सालीं वाढवून पुन्हां छापलेला मोल्सवर्थचा कोश. 'दा' म्हणजे १९३२ ते १९३८ या काळांत सात भागांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोश. हे दोन्ही शिकागो विद्यापीठानें संस्थळावर ठेवले आहेत. 'वि' म्हणजे वाईस तयार झालेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं आला. चौथी खूण मराठी विकिपीडियाची. चारांहून अधिक खुणा मीं ठेवल्या नाहींत, कारण खुणा आठवण्यासाठीं वही उघडावी लागली तर त्यांचा उपयोग काय?

दोष सांगितले पाहिजेत. ज्या संस्थळाच्या पत्त्यांत शोधलेला शब्द उमटत नाहीं, तेथें ही युक्ति चालत नाहीं. फोनवरील ब्राउझरांत ही सोय सारखी मिळत नाहीं. संस्थळवाल्यांनीं पत्त्याची रचना बदलली तर खूण अचानक निकामी होते. माझी एक खूण अशीच एका सकाळीं कोऱ्या पानावर जाऊन थांबली, आणि सगळी मांडणी मला पुन्हां करावी लागली. सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, कोणत्या प्रश्नासाठीं कोणता ग्रंथ काढावयाचा हें खूण शिकवीत नाहीं. तें आधीं ठाऊक असावें लागतें. शाळेंत आम्ही मुलांना शब्दकोश हाताळावयास लावीत असूं तो याचसाठीं.

दिवाळींत त्या मुलाचा मुंबईहून फोन आला. वाटणी सुरळीत पार पडली होती, आणि आपल्या संगणकावरहि त्यानें खुणा बसविल्या होत्या. विश्वकोशाला मात्र त्यानें माझा 'वि' घेतला नाहीं. 'वाई' असें लिहिलें. "गुरुजी, तो ग्रंथ झाला कोठें हें त्यामुळें लक्षांत राहतें," तो म्हणाला. मला तें आवडलें, पण मीं माझा 'वि' बदललेला नाहीं.