खेळाचा तास कुणाचा?

'अभ्यासेतर' हा शब्द मला पहिल्यापासून जरा खटकतो. 'इतर' म्हटलं की ती गोष्ट आपोआप मागच्या बाकावर जाऊन बसते. आधी भाषा-गणित, आणि मग वेळ उरलाच तर खेळ, नाच, नाटक. बहुतेक मुलांचं यात फारसं बिघडत नाही. पण ज्या मुलाला अक्षरंच दाद देत नाहीत, त्याच्याकडे वेळ उरतच नाही. तो शिकवणीत जातो, नाहीतर तेच पान दहादा लिहिण्यात जातो. म्हणजे मैदानाची ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याचंच मैदान सगळ्यात आधी बंद!

हे असं का होत आलं आणि याला आडवं कोण गेलं, याबद्दल गेले काही महिने जमेल तसं वाचत होते. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतेय. जरा लांबलंय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आधी एक खुलासा. मी अध्ययन अक्षमतेबद्दल बोलतेय. बुद्धी चारचौघांसारखी किंवा जास्तच, पण वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांपैकी कशात तरी गाडी अडते, ती मुलं. डिस्लेक्सिया हा त्यातला आपल्या कानावर पडलेला शब्द. बौद्धिक अक्षमता ही वेगळी गोष्ट. १९६८ मध्ये शिकागोत सुरू झालेलं स्पेशल ऑलिम्पिक्स आहे ते बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी. म्हणजे आपली ही मुलं तिथे बसत नाहीत, आणि शाळेच्या संघात जायचं तर प्रगतिपुस्तक आडवं येतं. ना इकडचे, ना तिकडचे.

या मुलांची लेखी नोंद सापडते ती १८९६ सालची. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीगत लिहिली. वर्षानुवर्षं शिकवूनही त्याला वाचता येत नव्हतं. स्वतःचं नाव लिहिताना तो पर्सीचा 'प्रेसी' करायचा आणि ती चूक त्याच्या लक्षातही यायची नाही. (आपल्याकडे रफार आणि खालचा र यांची अदलाबदल करणारं मूल ज्यांनी पाहिलंय, त्यांना लगेच कळेल.) गणित मात्र त्याला आवडायचं. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरेल, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं.

मला थबकायला लावलं ते दुसऱ्याच एका उल्लेखानं. मुलगा खेळात चपळ आहे, हे डॉक्टरांनी अगदी सुरुवातीलाच नमूद केलंय. वाचनाची अडचण त्यानंतर येते. या विषयातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदीत मैदान हजर आहे! पुढे शंभर वर्षं डॉक्टर, शिक्षक, पालक सगळेच वाचनाच्या मागे लागले आणि ती चपळाई कागदावरच राहून गेली.

पुढचा महत्त्वाचा माणूस सॅम्युएल कर्क. १९२९ च्या सुमाराला शिकागोजवळ ओक फॉरेस्ट इथे 'वाया गेलेल्या', 'मंद' ठरवलेल्या मुलांच्या संस्थेत हा तरुण नोकरी करत होता. तिथल्या एका दहा वर्षांच्या मुलाच्या कागदपत्रांत त्याला 'शब्दांध' असा शेरा दिसला. बाकीची मुलं झोपली की रात्री तो मुलगा हळूच उठून यायचा आणि दोघं संडासाच्या दाराशी बसून वाचायचे. काही महिन्यांत पोरगा वाचायला लागला. ६ एप्रिल १९६३ ला याच कर्कनी शिकागोत पालकांच्या एका परिषदेत या मुलांसाठी 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्द सुचवला. पालकांनी तो उचलला आणि त्याच नावानं संघटना बांधली. 'ढ', 'आळशी', 'मठ्ठ' या विशेषणांना तोवर पर्यायच नव्हता. नुसतं नाव मिळण्यानं केवढा फरक पडतो!

पण नाव मिळालं तरी उपाय तोच राहिला : वाचन, आणखी वाचन, त्याहून आणखी वाचन. तो रस्ता पहिल्यांदा जाणीवपूर्वक सोडणाऱ्यांत सॅली स्मिथ ही बाई होती. तिच्या धाकट्या मुलाला ही अडचण होती. शाळेत त्याच्या डोक्यात काही शिरत नसे, पण वाढदिवसाला घरी एखाद्या विषयावर धमाल नाटक-खेळ रचले की त्यातलं सगळं त्याच्या लक्षात राही. तिनं हाच धागा पकडला आणि १९६७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये लॅब स्कूल सुरू केलं. तिथे चित्र, नाच, नाटक, संगीत, सुतारकाम हे दिवसाच्या मधोमध होतं. इतिहास शिकायचा तो 'क्लब'मधून. लहान मुलांचा गुहामानवांचा क्लब, मोठ्यांचा सरदार-उमरावांचा. वेश करायचे, नेपथ्य रंगवायचं, सोंग वठवायचं.

यामागे नुसती हौस नव्हती. वाचायला काय लागतं बघा. डावं-उजवं कळणं, क्रम लक्षात ठेवणं, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे याचं भान, आवाजातला बारीक फरक ऐकू येणं. नाचात पावलांचा क्रम असतो, नाटकात प्रवेशांचा, तबल्यात मात्रांचा. जे कागदावर जमत नाही, तेच कौशल्य शरीराकडून घटवून घ्यायचं, असा तो हिशेब होता. शिवाय रोज नापास होणाऱ्या पोराला दिवसातून निदान एकदा 'मला जमलं' असं वाटतं. माझ्या मते ही कमाई पहिल्या कमाईहून मोठी.

आता याची दुसरी बाजू. मैदान मिळालं की सगळं आपोआप छान होतं, असंही नाही. डेक्स्टर मॅन्ली हा वॉशिंग्टनच्या संघातला अमेरिकन फुटबॉलचा धिप्पाड खेळाडू. शाळा झाली, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षं झाली, संघानं सुपर बोल जिंकला, आणि त्याला धड वाचता येत नव्हतं! खेळतोय ना, मग पुढे ढकला, असं प्रत्येक टप्प्यावर होत गेलं. १९८५ मध्ये भर सामन्यात त्याच्या संघातल्या जो थाइझमनचा पाय मोडला. आपलं असं झालं तर आपल्या हातात काय उरेल, या विचारानं तो हादरला आणि लॅब स्कूलमध्ये वाचायला शिकायला गेला. १९८९ मध्ये त्यानं अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे हे सगळं उघडपणे सांगितलं, तेव्हा त्याला रडू आवरलं नाही. खेळ ही वाचन न शिकवण्याची सबब होते तेव्हा ते मुलावर उपकार नसतात, त्याला वापरून घेणं असतं.

याच रागातून तिकडे उलटं टोक गाठलं गेलं. टेक्सासमध्ये शाळेचं फुटबॉल म्हणजे गावची जत्राच. तिथे १९८४ मध्ये कायदा झाला : 'पास नाही तर खेळ नाही.' एकाही विषयात ७० पेक्षा कमी गुण पडले की सहा आठवडे संघ बंद, वाद्यवृंद बंद, नाटक बंद. उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीच्या शिफारशींमधून हे आलं. प्रकरण कोर्टात गेलं. १९८५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं नियम उचलून धरला आणि अशा उपक्रमांत भाग घेणं हा मूलभूत हक्क नाही, असं सांगितलं. गव्हर्नर मार्क व्हाइट १९८६ ची निवडणूक हरले, त्याच्या कारणांत हा नियमही मोजतात. १९९५ मध्ये सहा आठवड्यांचे तीन झाले.

नियमाचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. मॅन्लीसारखी मुलं पाहिली की तो पटतोही. अपंग म्हणून नोंद झालेल्या मुलांना त्यांच्या स्वतंत्र आराखड्याप्रमाणे मोजायची सोयही त्यात होती. पण ज्या मुलाची अडचण अजून कुणी ओळखलेलीच नाही त्याचं काय? त्याला दर सहा आठवड्यांनी हेच ऐकवलं जाणार की तुला जे येत नाही त्याची शिक्षा म्हणून तुला जे येतं ते काढून घेतोय. आळशी मुलगा अशानं घाबरून अभ्यासाला लागेलही. पण अक्षरंच न लागणारा मुलगा घाबरून काय करणार?

कॉलेजच्या पातळीवर हाच प्रश्न आणखी टोकदार झाला. तिथल्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था, एनसीएए, खेळाडूंनी शाळेत ठरावीक विषय ठरावीक पातळीवर केलेले असावेत असा आग्रह धरायची. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांनी खास वर्गात केलेले विषय ती मोजायचीच नाही. गुण चांगले, खेळ उत्तम, तरी एका जलतरणपटूची आणि आणखी काही मुलांची वाट अडली. प्रकरणं कोर्टात गेली आणि १९९८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी तडजोड करून संस्थेला नियम बदलावे लागले.

खरं तर १९७५ च्या अमेरिकन कायद्यानं या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला होताच, आणि पुढच्या नियमांत खेळ-कलांची समान संधीही आली होती. तरी २०१३ च्या जानेवारीत तिथल्या शिक्षण खात्याला सगळ्या शाळांना समजावून सांगणारं पत्र काढावं लागलं. त्यातलं पहिलंच उदाहरण बोलकं आहे. अध्ययन अक्षमता असलेली एक मुलगी लॅक्रॉसच्या संघात निवडली जाते, पण सामन्याचा ताण अशा मुलींना झेपणार नाही असं गृहीत धरून प्रशिक्षक तिला एकाही सामन्यात उतरवत नाही. हे चालणार नाही, असं पत्र बजावतं. त्याच वेळी, संघात जागा कौशल्यावरच मिळेल, दयेवर नाही, हेही ते सांगतं. मला हा तोल फार आवडला.

आपल्याकडे काय? १९९६ मध्ये महाराष्ट्रानं दहावीच्या परीक्षेत या मुलांना सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, विषय बदलून घेण्याची मुभा. मोठंच पाऊल होतं ते. पण १९९५ च्या अपंगांसाठीच्या केंद्रीय कायद्यातल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेचं नावच नव्हतं. २००७ च्या डिसेंबरात 'तारे जमीं पर' आला आणि घराघरात डिस्लेक्सिया हा शब्द पोचला. २०१६ च्या नव्या कायद्याच्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. शाळांनी खेळ आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीनं द्यावी, हे त्या कायद्याच्या सोळाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय. २०२० चं शैक्षणिक धोरण तर अभ्यास आणि अभ्यासेतर यांत भिंतच नको म्हणतं.

कागद उत्तम आहेत. आता वर्गात या.

आमच्या शाळेत पी.टी.चा तास आला की चार-पाच जण वर्गातच बसायचे. शुद्धलेखनाच्या वह्या पुऱ्या करायला. त्यातला एक मुलगा घ-ध आणि भ-म यांत कायम गोंधळायचा, जोडाक्षरं दिसली की घाम फुटायचा. पण सव्वीस जानेवारीच्या लेझमीला रांगेच्या टोकाला त्यालाच उभा करत, कारण त्याचा ठेका कधी चुकायचा नाही. बाकीचे त्याच्याकडे बघून पाय टाकायचे. तेवढे पंधरा दिवस तो वेगळाच दिसायचा, मान वर करून चालायचा. सत्तावीस जानेवारीला पुन्हा वही. आमच्याबरोबर शिकलेल्या भावंडांना तो आठवत असेल. हा क्रमानं पाय टाकतो, मात्रा मोजतो, मग अक्षरातच का अडतो, असा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.

'तारे जमीं पर'नंतर एक नवीनच अपेक्षा तयार झालीय, तीही इथे नोंदवते. डिस्लेक्सिया आहे ना, मग मूल चित्रकार असेल, नाहीतर आइनस्टाइन! अहो, नसेल. ते चित्रात साधारण असेल, कबड्डीत पहिल्याच चढाईत बाद होईल, गॅदरिंगमध्ये झाडाचं काम करेल. चारचौघांच्या मुलांना साधारण खेळायची जी मोकळीक असते, तीच यालाही हवी. बक्षीस आणलं तरच तबला चालू ठेवू, ही पण एक गुणपत्रिकाच झाली.

एवढं सगळं वाचून मला उमगलं ते साधं आहे. या मुलांचा खेळ कधी बक्षीस म्हणून दिला गेला, कधी शिक्षा म्हणून काढून घेतला गेला, कधी न शिकवण्याची सबब झाला. तो त्यांचा नेहमीचा, हक्काचा तास आहे असं मानणारे फार थोडे निघाले. वाचन शिकवायलाच हवं, आणि चिकाटीनं शिकवायला हवं. पण त्याची किंमत संध्याकाळच्या पाच ते सहामधून वसूल करायची नाही, एवढं घरातल्या घरात ठरवायला कुठला कायदा लागत नाही.

तुमच्या घरात, नात्यात, सोसायटीत असं एखादं मूल असेल तर यंदाचं त्याचं वेळापत्रक एकदा बघा. नवी शिकवणी लावताना त्यातून नेमका कुठला तास गेलाय? मला जरूर कळवा.