जुन्या सुऱ्यांची ऑनलाइन विक्री : खरेदीदाराशी वाद कसा टाळावा?

वापरलेल्या सुऱ्या इंटरनेटवर विकताना तंटा बहुधा ‘नव्यासारखी’ या एका शब्दावरून होतो. वारंवार धार लावल्याने पाते अरुंद झालेले असते, मूठ सैल असते. असे दोष छायाचित्रांसह आधीच नमूद करावेत. पात्याची लांबी मोजपट्टी ठेवून दाखवावी. भाव ठरल्यावर पुन्हा घासाघीस करणाऱ्यास पूर्वीचा लेखी संदेश दाखवावा आणि बोलणे थांबवावे. ‘पैसे पाठवतो’ म्हणून क्यूआर कोड धाडणाऱ्याशी तर व्यवहारच नको. यूपीआयवर पैसे स्वीकारताना पिन लागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

सोलापुरात ‘नवी पेठेत भेटू, सुरी घेऊन या’ असा आग्रह धरणारा खरेदीदार विक्रेत्याला नकळत अडचणीत आणू शकतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये पोलीस आयुक्त सार्वजनिक ठिकाणी सुरे बाळगण्यास मनाई करू शकतात. असा आदेश लागू आहे काय, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. कुरियरने पाठवायची असल्यास पाते जाड पुठ्ठ्यात घट्ट बांधून, बांधणीचे चित्रीकरण जपून ठेवावे; ‘टोक तुटलेलेच आले’ या तक्रारीला तेच उत्तर ठरते.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील शस्त्राच्या व्याख्येतून केवळ घरगुती वा शेतीच्या वापराच्या वस्तू वगळल्या आहेत. ‘स्वयंपाकाची नको, दुसरी दाखवा’ म्हणणाऱ्यास स्पष्ट नकार द्यावा.