विक्रीकर आणि मागणीची लवचिकता

भारतात विक्रीकराचा आरंभ 1938 मध्ये झाला आणि तो दोन वस्तूंपासून झाला. नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने पेट्रोल व वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला, तर मुंबई प्रांताने काही शहरी भागांत तंबाखूच्या विक्रीवर. मध्य प्रांताच्या करावर केंद्र सरकारने हरकत घेतली. हे उत्पादनशुल्कच असून ते बसवण्याचा अधिकार केवळ केंद्राचा आहे, असा त्याचा दावा होता. प्रकरण फेडरल कोर्टापुढे गेले आणि सर मॉरिस ग्वायर, सुलेमान व मुकुंदराव जयकर या न्यायमूर्तींनी प्रांताच्या बाजूने कौल दिला. या घटनात्मक वादात एक गोष्ट झाकली गेली. दोन्ही प्रांतांनी पहिल्याच प्रयत्नात अशा वस्तू निवडल्या होत्या, की ज्यांचा भाव चढला तरी गिऱ्हाईक सहसा पाठ फिरवत नाही.

अर्थशास्त्रात या गुणाला मागणीची अलवचिकता म्हणतात. किंमत एक टक्क्याने वाढली असता मागणी किती टक्क्यांनी घटते, हे लवचिकतेचे माप होय. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 च्या आपल्या ग्रंथात ही कल्पना रूढ केली. हे माप एकाहून कमी असेल तर मागणी अलवचीक आणि अधिक असेल तर लवचीक समजली जाते. वस्तू गरजेची आहे की चैनीची, तिला पर्याय आहे की नाही आणि सवय बदलण्यास ग्राहकाला किती अवधी मिळतो, यांवर ते अवलंबून असते.

कायदा कर भरण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकतो. तथापि कर भरणारा आणि तो सोसणारा एकच असेल असे नाही. जी बाजू किंमत बदलल्यावर बाजारातून मागे हटू शकत नाही, तिच्यावर भार अधिक पडतो. पेट्रोलच्या बाबतीत ही बाजू ग्राहकाची असते. याउलट भाजीपाल्याने भरलेला टेम्पो बाजार समितीच्या आवारात आणल्यानंतर तो परत नेणे शेतकऱ्याला परवडत नाही. त्या दिवसापुरता त्याचा पुरवठा अलवचीक असतो आणि प्रत्येक आकारणी त्याच्याच पदरात पडते. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. अडत हा कर नव्हे, पण गणित तेच आहे. पावतीवरचे नाव बदलले तरी खरेदीदाराला भाव तितकाच कमी बोलता येतो. शेतकऱ्याला खरा आधार मिळतो तो माल थांबवून धरण्याच्या सोयीने, म्हणजे शीतगृहाने किंवा दुसऱ्या बाजाराने.

महसूल आणि कल्याण यांचा संबंध एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन वस्तूंची किंमत प्रत्येकी 100 रुपये असून प्रत्येकीचे 1,000 नग खपतात, पुरवठा त्याच किमतीला हवा तितका मिळतो आणि मागणीची रेषा सरळ आहे, असे मानू. दोहोंवर नगामागे 20 रुपये कर बसवला. पहिल्या वस्तूची लवचिकता 0.2 असल्यास खप 960 वर येतो आणि सरकारला 19,200 रुपये मिळतात. दुसरीची लवचिकता 2 असल्यास खप 600 वर घसरतो आणि महसूल 12,000 रुपयेच होतो.

जे नग खपले नाहीत त्यांचे काय? ते घेण्यात ग्राहकाला किमतीपेक्षा जास्त समाधान मिळाले असते. या जादा समाधानाला पाठ्यपुस्तकांत ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ असा बोजड शब्द आहे. कर भरणाऱ्याचे पैसे निदान तिजोरीत तरी जातात. न झालेल्या खरेदीतले समाधान मात्र कोणाच्याच हाती लागत नाही. ही निव्वळ कल्याणहानी. वरील उदाहरणात ती पहिल्या वस्तूसाठी 400 रुपये, दुसऱ्या वस्तूसाठी 4,000 रुपये भरते. म्हणजे महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे समाजाचे नुकसान पहिल्या ठिकाणी सुमारे दोन पैसे, तर दुसऱ्या ठिकाणी तेहतीस पैसे.

आता कर दुप्पट, म्हणजे 40 रुपये केला तर? पहिल्या वस्तूचा महसूल 36,800 रुपयांवर जातो. दुसऱ्या वस्तूचे केवळ 200 नग खपतात आणि महसूल वाढण्याऐवजी 8,000 रुपयांवर उतरतो. कल्याणहानी दोन्हीकडे चौपट होते. कराच्या वर्गाच्या प्रमाणात नुकसान वाढते, हा नियम फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्युई यांनी 1844 मध्येच मांडला होता; पुलांवरचा पथकर किती असावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

केंब्रिजचे गणितज्ञ फ्रँक रॅम्झी यांनी 1927 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, यातून पुढचा निष्कर्ष काढला. ठरावीक महसूल कमीत कमी नुकसानात उभारायचा असेल तर ज्या वस्तूची मागणी अलवचीक, तिच्यावरचा दर अधिक ठेवावा. गणित निर्दोष आहे. पण ते शेवटपर्यंत नेले तर मिठावर सर्वात जड कर बसेल.

तो हिंदुस्थानात बसलाच होता. मणामागे दोन रुपये असलेला मिठावरील कर 1888 मध्ये अडीच रुपये करण्यात आला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 मध्ये केंद्रीय विधिमंडळातील अर्थसंकल्पावरील भाषणात तो कमी करण्याची मागणी केली. गरिबाला मीठ टाळता येत नाही, म्हणून कर त्याच्यावरच बसतो, हा त्यातला नैतिक भाग सर्वपरिचित आहे. दुसरा भाग अधिक मार्मिक होता: कर वाढला की गरीब माणूस मिठातही काटकसर करतो आणि ती त्याच्या प्रकृतीला सोसत नाही. पुढे 1903, 1905 आणि 1907 मध्ये कर टप्प्याटप्प्याने एका रुपयावर आला, तेव्हा मिठाचा खप वाढला. सरासरी लवचिकता कमी दिसत असली, तरी तळच्या थरातली लवचिकता वेगळी असू शकते. अर्थशास्त्रज्ञांच्या हानीच्या त्रिकोणात हा फरक दिसत नाही. तंबाखू व मद्याच्या बाबतीत तो त्रिकोण उलटाच वाचावा लागतो, कारण तेथे खप घटणे हाच लाभ असतो.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, पण पेट्रोल, डिझेल आणि मद्य त्याबाहेर राहिले. राज्यांनी ही कामधेनू हातची सोडली नाही. अलवचीक मागणीची दुसरी बाजू जुलै 2022 मध्ये दिसली. महाराष्ट्राने पेट्रोलवरील कर लिटरमागे 5 व डिझेलवरील 3 रुपयांनी घटवला, तेव्हा सुमारे 6,000 कोटी रुपयांचा वार्षिक भार तिजोरीवर पडेल, असे सरकारने सांगितले. कर उतरल्याने खप फारसा वाढत नाही, त्यामुळे सवलत जवळजवळ पूर्णपणे महसुलातूनच द्यावी लागते.

मात्र देशभरातली मागणी अलवचीक असली, तरी एका राज्यातल्या पंपाची तशी नसते. गोव्यात मनोहर पर्रीकर सरकारने एप्रिल 2012 मध्ये पेट्रोलवरील व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला आणि पेट्रोल सुमारे 11 रुपयांनी स्वस्त झाले. दोडामार्गच्या दुचाकीस्वाराला पेट्रोलविना राहता येत नाही. पण सिंधुदुर्गातल्या पेट्रोलविना त्याचे काहीच अडत नाही. लांब पल्ल्याच्या मालट्रकची डिझेलची टाकी तर काहीशे लिटरची असते. ती कोणत्या राज्यात भरायची, हे मालक दर पाहून ठरवतो. म्हणून शेजारचे राज्य दर उतरवते, तेव्हा सीमेवरच्या पंपांचा खप आधी हलतो आणि मुंबई-पुण्याच्या पंपांना त्याची खबरही लागत नाही.