मॅनेज्ड एअरफ्लोची डिफॉल्ट सेटिंग्ज: आपोआप काय मिळतं आणि आधी काय बदलायचं

तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यासाठी मी डेटाचं काम करत होतो. सांडपाण्याच्या टाकीवरच्या मीटरची पीएच रीडिंग्ज क्लाउडवर यायची आणि त्यांचा शिफ्टवार रिपोर्ट रोज आपोआप निघायचा. एका रिपोर्टमध्ये १३ तारखेच्या तिसऱ्या शिफ्टला पीएच घसरलेला दिसला आणि त्या रात्रीच्या ऑपरेटरकाकांना जाब विचारला गेला. काका म्हणाले, "माझ्या रात्री सगळं ठीक होतं, लॉगबुक बघा." लॉगबुक बरोबर होतं. चूक माझी होती, एका डिफॉल्ट सेटिंगला हात न लावल्याची.

ती चूक कळायला आधी व्यवस्था समजून घेऊ. अपाचे एअरफ्लो हे कामांचा क्रम आणि वेळ सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. २०१४ मध्ये एअरबीएनबीत सुरू झालं. कामांच्या एका साखळीला त्यात डॅग म्हणतात. सर्व्हर आपण सांभाळायचा नसेल तर ॲमेझॉनची एमडब्ल्यूएए ही मॅनेज्ड सेवा घेता येते (गूगलची अशीच सेवा म्हणजे क्लाउड कंपोझर). आम्ही ॲमेझॉनची घेतली, मुंबई रीजनमध्ये.

आपोआप काय मिळतं

एअरफ्लो २ वर 'स्मॉल' एन्व्हायर्नमेंट बनवलं की दोन शेड्युलर, वेब सर्व्हर, मेटाडेटाचा डेटाबेस आणि किमान एक वर्कर मिळतो. वर्करची कमाल मर्यादा डिफॉल्टने १०, आणि एक स्मॉल वर्कर एका वेळी ५ टास्क घेतो. डॅगच्या फाइल्स ठेवायला एस-थ्री बकेट मात्र आपली लागते. तिचं व्हर्जनिंग चालू आणि पब्लिक ॲक्सेस बंद हवा. नेटवर्कसाठी दोन वेगवेगळ्या झोनमधले दोन प्रायव्हेट सबनेट द्यावे लागतात. एकदा दिलेलं नेटवर्क नंतर बदलता येत नाही, एन्व्हायर्नमेंट पुन्हा बनवावं लागतं. त्यामुळे हे घाईत करू नका.

टाइमझोन

एअरफ्लोचं घड्याळ डिफॉल्टने यूटीसीवर चालतं. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. कारखान्याच्या शिफ्ट सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. म्हणजे रात्रपाळी संपायला दीड तास असताना क्लाउडवर तारीख बदलते. पीएच घसरला होता १३ च्या पहाटे, सहाच्या आधी. ती पाळी १२ च्या रात्री अकराला सुरू झालेली. पण माझ्या रिपोर्टने यूटीसी तारीख धरली आणि ते रीडिंग १३ च्या रात्रपाळीत टाकलं. १२ ला काकांची सुट्टी होती, ते पालघरला घरी होते!

उपाय साधा आहे. डॅगच्या सुरुवातीच्या तारखेला पेंड्युलम लायब्ररीतून 'एशिया/कोलकाता' टाइमझोन द्या आणि वेळापत्रक सकाळी सातचं ठेवा. एअरफ्लो २ मध्ये अशा रोजच्या डॅगला सात ते सात असा डेटाचा कालखंड मिळतो. तिन्ही पाळ्या त्यात अख्ख्या बसतात आणि डॅग कालखंड संपल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सातला चालतो. तारीख मात्र कालखंड सुरू झाल्याची धरली जाते. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, मीही गोंधळलो होतो. आणि रिपोर्टच्या क्वेरीत तारीख यूटीसीवरून काढत असाल तर तीही बदला, नुसतं वेळापत्रक बदलून भागत नाही.

कॅचअप आणि रीट्राय

एअरफ्लो २ मध्ये कॅचअप डिफॉल्टने चालू असतं. सुरुवातीची तारीख १ जानेवारी देऊन डॅग जूनमध्ये सुरू केलात, तर तो मधले सगळे दिवस भरून काढायला धावतो. एका डॅगच्या एका वेळी १६ टास्क ही डिफॉल्ट मर्यादा असते, म्हणून एकदम स्फोट होत नाही. पण १६ टास्कना स्मॉलचे चार वर्कर लागतात आणि वाढीव वर्करचे पैसे वेगळे. मागचा डेटा नको असेल तर कॅचअप बंद करा. एअरफ्लो ३ मध्ये ते मुळातच बंद असतं.

रीट्राय डिफॉल्टने शून्य. कारखान्यातलं इंटरनेट दोन मिनिटं गेलं तरी टास्क फेल. मी तीन ठेवतो. दोन प्रयत्नांमधलं पाच मिनिटांचं डिफॉल्ट अंतर आम्हाला पुरलं.

बिल

या सेवेला 'थांबवा' बटण नाही. डॅग चालो न चालो, एन्व्हायर्नमेंटचं मीटर चालूच. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनच्या दराने स्मॉलचे तासाला ०.४९ डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण ३५८ डॉलर. मुंबईचा दर वेगळा असू शकतो, कॅल्क्युलेटरवर बघूनच ठरवा. काम छोटं असेल आणि एका वर्करवर भागत असेल तर 'मायक्रो' बघा. स्मॉलवर राहिलात तर कमाल वर्कर १० वरून २-३ वर आणा; रोजच्या एका रिपोर्टला दहा कशाला?

नेटवर्कसाठी ॲमेझॉनचं तयार टेम्प्लेट वापरलंत तर त्यात दोन नॅट गेटवे येतात आणि त्यांचं तासाचं भाडं वेगळं. मी एकदा टेस्टचं एन्व्हायर्नमेंट कन्सोलमधून डिलीट केलं आणि निर्धास्त झालो. गेटवे तसेच राहिले, पुढच्या बिलात सापडले. म्हणून एन्व्हायर्नमेंटनंतर क्लाउडफॉर्मेशनचा नेटवर्क स्टॅकही डिलीट करा. क्लाउडवॉचमधले लॉगही डिफॉल्टने कधीच पुसले जात नाहीत. प्रत्येक लॉग ग्रुपला मुदत घाला, आम्ही टेस्टला ३० दिवस ठेवले. कारखान्याच्या रीडिंग्जशी जोडलेले लॉग मात्र किती दिवस ठेवायचे हे तिथल्या पर्यावरण विभागाला विचारूनच ठरवा.