होस्ट्स फाइलचा मुक्काम

‘आकड्याने पिंग लागतो, नावाने लागत नाही’ ही छोट्या ऑफिसातल्या नेटवर्कची जुनीच तक्रार. दुरुस्तीला बसलेला माणूस एकेक जागा तपासत जातो, आणि त्यातली जवळपास प्रत्येक जागा वेगळ्या काळातली असते.

सुरुवात होते कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये. 1970 च्या दशकात इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या आर्पानेटवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या एकाच फाइलीत असत. एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट ती सांभाळी. नवं मशीन जोडायचं तर ऑफिसच्या वेळेत तिथे फोन करायचा; इतरांनी अधूनमधून ताजी यादी उतरवून घ्यायची. मशीनं वाढली तशी यादी हाती येईतो शिळी होऊ लागली. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं: ज्याने त्याने आपली नावं सांभाळावीत, बाकीच्यांनी लागेल तेव्हा विचारावं. याच रीतीने पुढे भारताच्या ‘डॉट इन’ नावांची व्यवस्था कित्येक वर्षं मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने पाहिली.

ऑफिसातल्या पीसींनी मात्र निराळी वाट धरली. 1983 मध्येच सायटेक कंपनीने आयबीएमसाठी नेटबायॉस बनवलं. त्यात यादी लागत नसे. ‘अमुक नावाचं मशीन कोणतं?’ असं सगळ्या नेटवर्कला विचारायचं आणि ज्याचं नाव त्याने ओ द्यायची. एका खोलीत हे झकास चाले. पण राउटरपलीकडे ही हाक जात नसे, म्हणून नावं-पत्त्यांची एलएमहोस्ट्स फाइल आली आणि 1994 मध्ये विंडोज एनटी 3.5 बरोबर विन्स हा नावं सांभाळणारा सर्व्हर. विंडोज 2000 पासून मायक्रोसॉफ्टनेही डीएनएसचीच कास धरली.

जुनं मात्र काढून टाकलं नाही. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून ते योग्यच होतं, पण त्याची किंमत दुरुस्ती करणाऱ्याने मोजली. मेन्लो पार्कच्या यादीची वारसदार होस्ट्स फाइल विंडोजच्या ‘ड्रायव्हर्स’मधल्या ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये आजही आहे. तिला एक्स्टेन्शन नाही, नोटपॅडमध्ये उघडते, आणि तिच्यातली ओळ डीएनएसच्या उत्तरावर मात करते. सर्व्हर बदलताना कुणी तात्पुरती ‘192.168.1.10’ आणि पुढे सर्व्हरचं नाव अशी ओळ लिहून ठेवतो. पुढे सर्व्हरचा पत्ता बदलला की सगळ्यांचं सुरळीत चालतं, तो एकच पीसी अडतो. डीएनएसला थेट विचारणारा एनएसलुकअप हा प्रोग्रॅम बरोबर पत्ता दाखवतो, कारण तो होस्ट्स फाइल पाहतच नाही. पिंग जुन्याच पत्त्यावर जातो. दोघांची उत्तरं अशी वेगळी आली की आधी ती फाइल उघडावी.